चोरीची वर्दी



गावात एखाद्या घरी चोरी झाली म्हणजे घरधन्याने प्रथम पाटलास वर्दी द्यावी, पाटलाने ती वर कळवावी आणि जागल्याने चोराचा माग काढावा, अशी आपल्याकडील जुनी रीत होती. माग ज्या गावाच्या शिवेपर्यंत जाऊन थांबे, त्या गावास जाब द्यावा लागे. ह्या रीतीत चोरी लपविण्यात घरधन्याचे कोणतेच हित नव्हते. वर्दी दिल्यावाचून माग निघत नसे आणि माग निघाल्यावाचून भरपाई मिळत नसे.

परंतु ज्या घरात हजारो लोकांचा पैसा एकत्र ठेवलेला आहे, त्या घराची गोष्ट निराळी. तेथे घरधनी कोण हाच प्रथम प्रश्न पडतो. पैसा भागधारकांचा आणि ठेवीदारांचा. किल्ल्या मात्र संचालक व व्यवस्थापक ह्यांच्या कमरेस. चोरी झाली तर ज्यांच्या कमरेस किल्ल्या त्यांस ती आधी कळते, आणि ज्यांचा पैसा त्यांस सर्वांच्या शेवटी. ह्या दोन वेळांमध्ये किती अंतर चालू द्यावे, ह्याविषयी आपल्या मुलुखात गेली दीडशे वर्षे भांडण चालू आहे. सांप्रत चोर भिंत फोडून येत नाही, तारेतून येतो. तो संगणकात शिरतो, आणि हजार कोसांवर बसून तिजोरी उघडतो. साधन नवे झाले, पण भांडण जुनेच आहे. म्हणूनच त्याचा प्रारंभ संगणकापासून न करता मी मुंबईच्या कापसापासून करणार आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला. आपल्या कापसाचे भाव आकाशास भिडले. चार वर्षे मुंबईत सोन्याचा पाऊस पडला म्हणावयास हरकत नाही. त्या पैशाला वाट हवी होती. म्हणून बँका निघाल्या, समुद्र भरून जमीन करावयाच्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांत बॅकबेची कंपनी सर्वांत गाजली. मुंबई सरकारच्या आश्रयाने १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही त्या वेळची मातब्बर पेढी. तिच्या भागधारकांत सरकार स्वतः होते आणि सरकारने नेमलेले संचालकही तिच्या मंडळात बसत. ह्यामुळे सामान्य माणसाचा विश्वास असा की, बाकी सारे बुडाले तरी ही बँक बुडावयाची नाही. पूर्वी ह्या बँकेस कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक नव्हती. १८६३ च्या कायद्याने तो बांध फुटला. प्रेमचंद रायचंद ह्या सट्टेबाजांच्या राजाचे वजन बँकेत मोठे होते, आणि कर्ज मंजूर करण्याची सत्ता व्यवहारात एकट्या चिटणीसाच्या हाती गेली होती.

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील दक्षिणेच्या सैन्याने हत्यार ठेवले. कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै रोजी पुरे व्हावयाचे वायदे पुरे होईनात. कंपन्या पटापट आडव्या झाल्या. तारण म्हणून घेतलेले त्यांचे भाग कागदाच्या मोलाचे झाले; म्हणजे बँकेचा पैसा त्याच उन्हाळ्यात गेला होता. तरी बँकेचे दार १८६८ पर्यंत उघडेच राहिले! मधल्या सुमारे अडीच वर्षांत खरी स्थिती किती वाईट आहे, हे भागधारकांस तुकड्यातुकड्याने कळत गेले. अखेर बँक गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली, आणि हिंदुस्थान सरकारने सर चार्ल्स जॅक्सन ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी-मंडळ नेमले. चिटणिसांच्या हाती गेलेली अमर्याद सत्ता आणि संचालकांची ढिलाई, ही त्या चौकशीत उघडी पडली. शाळेत हा भाग शिकविताना मुलांस प्रेमचंदाच्या श्रीमंतीचीच गोडी अधिक वाटे. राजाबाई टॉवरला त्यांनी आपल्या मातोश्रींचे नाव दिले, हे त्यांच्या पक्के ध्यानात राही. मला मात्र त्या अडीच वर्षांचे कुतूहल वाटत आले आहे. पैसा जाण्याला काही आठवडे पुरले. तो गेला हे पुरतेपणी सांगावयास अडीच वर्षे लागली.

तीच कथा १९१३ साली पुन्हा घडली. मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात गुंतली होती आणि तोटा ताळेबंदात दिसू दिला जात नव्हता. ती बुडाली तेव्हाच लोकांस तिची खरी अवस्था कळली. त्याच वर्षी कंपन्यांचा नवा कायदा झाला आणि त्याने हिशेबतपासनीस सक्तीचा केला. येथून पुढे वर्षातून एकदा तरी तिऱ्हाईताने वह्या पाहून सही करावयाची, अशी व्यवस्था लागली. वर्षातून एकदा! कापसाच्या आणि चांदीच्या काळास ते पुरेसे वाटले असेल.

दुसऱ्या पक्षाचेही म्हणणे ऐकले पाहिजे. बँकांचे चालक सांगतात की, दुखणे समजण्यापूर्वीच त्याचा डांगोरा पिटला तर रोगी दुखण्याने न मरता गर्दीने मरतो. सकाळी बातमी आली की दुपारी खिडकीवर रांग लागते, आणि धडधाकट पेढीही एका दिवसात साऱ्यांच्या ठेवी परत करू शकत नाही. चोर अद्याप घरातच असेल तर आपणांस त्याची चाहूल लागली आहे, हे मोठ्याने ओरडून त्यास का सांगावे, असाही त्यांचा प्रश्न असतो. ह्या दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. परंतु मुंबईच्या दोन्ही उदाहरणांत मौन पाळल्याने रोगी वाचला नाही, हेही तितकेच खरे. मौनाच्या काळात जे आत होते त्यांस हालचाल करण्यास अवधी मिळाला आणि जे बाहेर होते ते जागच्या जागी राहिले.

आता आपल्या काळाकडे येऊ. २०१६ च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रांत अकस्मात बातमी झळकली की, देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची गुप्त माहिती चोरांच्या हाती गेली असावी. एटीएम यंत्रांचा व्यवहार पाहणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत दुष्ट प्रोग्राम शिरला होता, आणि तो त्याच वर्षीच्या मे ते जुलै ह्या काळात कार्यरत होता, असे पुढे निष्पन्न झाले. प्रत्यक्ष फसवणूक १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांची, आणि रक्कम सुमारे १ कोटी ३० लाख रुपये, म्हणजे मानाने लहानच. परंतु मेमध्ये गेलेली किल्ली ज्याची त्यास ऑक्टोबरात कळावी, ह्याचा लोकांस राग आला, आणि तो योग्य होता. विशेष हे की, त्याच वर्षी २ जून रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व व्यापारी बँकांस असे प्रकार दोन ते सहा तासांच्या आत आपणांस कळविण्याचा हुकूम काढला होता. नियम होता, पण तो रिझर्व्ह बँकेस कळविण्याचा होता, कार्डवाल्यास कळविण्याचा नव्हता. हा भेद श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

ह्यानंतर दोन वर्षांनी पुण्यात जे घडले ते आपणांपैकी पुष्कळांस आठवत असेल. कॉसमॉस बँक ही १९०६ साली निघालेली, महाराष्ट्रातील जुन्या सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. चोरांनी बँकेच्या यंत्रणेशेजारी एक बनावट यंत्रणा उभी केली. एटीएममधून पैसे मागणाऱ्या कार्डास 'द्या' किंवा 'देऊ नका' असे उत्तर बँकेच्या यंत्रणेने द्यावयाचे असते. ते उत्तर आता ही तोतया यंत्रणा देऊ लागली, आणि प्रत्येक वेळी ते 'द्या' असेच असे. सदाशिवरावभाऊंचा तोतया पेशवाईत पुष्कळांस खरा वाटला होता. येथे तर तोतयाची परीक्षा घेणारे माणूसच मध्ये नव्हते. जगातील २८ देशांत बनावट कार्डांनी सुमारे १२ हजार वेळा पैसे काढले गेले, ते ७८ कोटी रुपये. देशातही सुमारे २,८०० वेळा मिळून अडीच कोटी गेले. मध्ये रविवार गेला. सोमवारी १३ तारखेस परदेशी रकमा पाठविण्याच्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतील खात्यावर रवाना झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

बँकेने पोलिसांत फिर्याद दिली आणि १४ तारखेस अध्यक्षांनी पत्रकारांपुढे येऊन रकमेचे आकडे सांगितले. ग्राहकांच्या खात्यांतून पैसा वजा झालेला नाही, नुकसान बँकेचे आहे, हेही स्पष्ट केले. एटीएम व इंटरनेटचे व्यवहार काही काळ बंद ठेवावे लागले. परंतु बँक बुडाली नाही. पहिल्या चोरीपासून तिसऱ्या दिवशी आकड्यांसह जाहीर कबुली, ही गोष्ट १८६५ च्या अडीच वर्षांशेजारी ठेवून पाहावी. माझ्या मते ह्या प्रकरणात यंत्रणेच्या रक्षणाविषयी बँकेस जे बोल लावावयाचे ते लावावेत, पण वर्दीच्या बाबतीत तिने बरे वर्तन केले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ-मंडळाने २०१९ च्या आपल्या अहवालात ह्या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. येथे एटीएममधून पैसे काढणारी जी प्यादी होती, त्यांतील ११ जणांस पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये शिक्षा सुनावली. आणि आमच्या नागरी सहकारी बँकांसाठी संगणक-सुरक्षेची मूलभूत चौकट रिझर्व्ह बँकेने काढली ती १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे चोरीनंतर दोन महिन्यांनी. ठिणगी पडल्यावर विहीर खणावयास घेण्याची आपली सवय जुनी आहे.

कॉसमॉस ही सहकारी बँक. तिचे भाग बाजारात विकले जात नाहीत. ज्यांचे भाग मुंबईच्या शेअरबाजारात रोज हात बदलतात, त्या कंपन्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. तेथे बातमीलाच किंमत असते. आत बसलेल्या माणसास चोरी आज कळली आणि नाशिकच्या पेन्शनरास ती महिन्याने कळली, तर मधल्या महिन्यात पेन्शनराने पूर्ण भावाने शेअर घेतला असण्याचा संभव आहे, आणि तो त्यास कोणी विकला हे त्यास कधीही कळावयाचे नाही. सातपूर-अंबडच्या कित्येक कारखान्यांच्या मालक-कंपन्या बाजारात नोंदलेल्या आहेत आणि आपल्या शहरातील निवृत्त मंडळींची शिल्लक आता केवळ पोस्टात राहिलेली नाही. तेव्हा हा प्रश्न मुंबईच्या दलालांचाच आहे, असे कोणी समजू नये.

ह्या बाबतीत सेबीचा २०१५ चा नियमसंग्रह हा आपला मुख्य आधार. त्याने नोंदलेल्या कंपन्यांवर महत्त्वाच्या घटना बाजारास कळविण्याचे बंधन घातले. २०२३ च्या जुलैपासून मुदती आवळल्या गेल्या. संचालक-मंडळाच्या बैठकीत ठरलेली गोष्ट अर्ध्या तासात, कंपनीच्या आतून उद्भवलेली घटना १२ तासांत, आणि बाहेरून आलेली २४ तासांत कळवावी असे ठरले. बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर तीन तासांची सवलत पुढे मिळाली. संगणकातील चोरी आतली म्हणावी की बाहेरची, हा वकिलांना पुष्कळ दिवस पुरेल असा प्रश्न आहे. चोर बाहेरचा, पण भिंतीतील भगदाड आतले!

आता ह्या नियमांखाली व त्यांच्या आधी मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी काय केले ते पाहू. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी टाटा पॉवर कंपनीने बाजारास थोडक्यात कळविले की, आपल्या संगणक-व्यवस्थेवर हल्ला झाला असून वीजपुरवठ्याशी निगडित महत्त्वाच्या यंत्रणा चालू आहेत. पुढच्याच महिन्यात, १८ तारखेस, सीडीएसएल ह्या संस्थेने आपल्या काही यंत्रांत दुष्ट प्रोग्राम आढळल्याचे जाहीर केले. सीडीएसएल म्हणजे आपले कागदी नसलेले शेअर ज्या कोठारात असतात त्या दोन कोठारांपैकी एक, आणि ती स्वतःही बाजारात नोंदलेली कंपनी आहे. त्या दिवशीचे देणेघेणे पुरे होण्यास विलंब लागला, आणि रविवारपर्यंत कामकाज सुरळीत झाले. पुण्याच्या टाटा टेक्नॉलॉजीज कंपनीने ३१ जानेवारी २०२५ रोजी खंडणीखोर प्रोग्रामचा प्रकार बाजारास कळविला. खंडणी हा शब्द आम्हा इतिहासाच्या मास्तरांस नवा नाही. परंतु आपल्या इतिहासातील खंडणी घेणारा निदान घोड्यावरून येई आणि आपले नाव सांगे.

सर्वांत बोधप्रद हकीकत सन फार्मा ह्या मुंबईच्या औषध कंपनीची आहे. २ मार्च २०२३ रोजी तिने कळविले की, माहिती-सुरक्षेचा एक प्रकार घडला असून मुख्य कामकाजावर परिणाम झालेला नाही. त्याच महिन्याच्या २६ तारखेस दुसरी सूचना आली. तीत म्हटले होते की, कंपनीची व काही व्यक्तींची माहिती चोरीस गेली आहे, एका खंडणीखोर टोळीने जबाबदारी घेतली आहे, आणि प्रतिबंधक उपायांमुळे काही व्यवसायांतील उत्पन्न घटण्याचा संभव आहे. पहिली सूचना खोटी होती असे मी म्हणत नाही. आग लागल्यावर पहिल्या तासात किती घर जळाले हे कोणासही सांगता येत नाही. परंतु २ तारखेची सूचना वाचून स्वस्थ बसलेल्या भागधारकास २६ तारखेपर्यंत दुसरे काहीच वाचावयास नव्हते, हेही तितकेच खरे आहे. पहिली वर्दी त्वरित यावी, आणि तिच्यामागून दुसरी, तिसरी येत राहावी, ह्यासाठी नियमात अधिक स्पष्ट जागा असावयास हवी असे माझे मत आहे.

परदेशांतही हाच झगडा चालू आहे. अमेरिकेच्या याहू कंपनीतून २०१४ साली सुमारे ५० कोटी खात्यांची माहिती चोरीस गेली आणि ती गोष्ट भागधारकांस २०१६ साली सांगण्यात आली. ह्याबद्दल २०१८ साली साडेतीन कोटी डॉलरांचा दंड झाला. पुढे जुलै २०२३ मध्ये तेथील रोखे-नियामकाने नियम केला की, संगणकावरील हल्ला महत्त्वाचा आहे असे कंपनीने ठरविल्यापासून कामाच्या चार दिवसांत तो जाहीर करावा. राष्ट्राच्या सुरक्षेस धोका असल्याचे सरकारच्या मुख्य कायदा-अधिकाऱ्याने सांगितले तरच विलंब चालेल. नियम लागू होण्याआधीच, नोव्हेंबरात, एका चोरटोळीने नियामकाकडे तक्रार नेली की, आम्ही अमुक कंपनी लुटली असून तिने तुम्हांस अद्याप कळविलेले नाही! चोरानेच चावडीवर जाऊन घरधन्याची वर्दी द्यावी, हा प्रकार आमच्या कोणत्याही बखरीत सापडावयाचा नाही.

मागे ज्या भेदाकडे लक्ष वेधले होते, त्याकडे आता परत येतो. वर्दी कोणास? २८ एप्रिल २०२२ रोजी भारत सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेने आदेश काढला की, असे प्रकार ध्यानात येताच सहा तासांच्या आत आपणांस कळवावेत. सहा तास ही मुदत जगातील कडक मुदतींपैकी एक आहे. परंतु ती वर्दी सरकारदप्तरी जाते; भागधारकास ती दिसत नाही. ज्याची स्वतःची माहिती चोरीस गेली त्यास विनाविलंब कळविण्याचे बंधन व्यक्तिगत माहितीच्या २०२३ च्या कायद्यात आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि हे बंधन त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाचे आहे. म्हणजे सरकारास सहा तास, आणि माझ्यासारख्या खातेदारास पाच वर्षे, असा हिशेब झाला. बँकेच्या खिडकीवर विचारावे तर उत्तर ठरलेले: "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." हे दोन शब्द मी इतक्या ठिकाणी ऐकले आहेत की त्यामागे पावसाने तुटलेली तार आहे की दरोडा आहे, हे ओळखण्याचा नाद मी सोडून दिला आहे.

बाजारास कोणती घटना कळवावी हे बव्हंशी कंपनीनेच ठरवावयाचे. त्यासाठी मापे दिली आहेत: उलाढालीचे दोन टक्के, निव्वळ मालमत्तेचे दोन टक्के, किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफातोट्याचे पाच टक्के, ह्यांत जी रक्कम कमी असेल ती. कापसाची गाठ तागडीत घालता येते. चोरीस गेलेल्या माहितीचे वजन कोणत्या तागडीत करावे? लाख गिऱ्हाइकांची नावे व पत्ते गेले तर कंपनीच्या ताळेबंदात त्या दिवशी एका रुपयाचाही फरक पडत नाही.

ही अडचण सेबीच्याही ध्यानात आली असावी. २०२३ च्या जूनमधील दुरुस्तीने एक निराळी वाट काढली आहे, आणि तिची माहिती मुद्दाम येथे देतो, कारण वर्तमानपत्रांत तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. नोंदलेल्या कंपन्यांनी दर तिमाहीस आपल्या कारभाराविषयी जो तक्ता बाजाराकडे धाडावयाचा असतो, त्यात आता एक रकाना वाढला आहे. ह्या तीन महिन्यांत संगणक-सुरक्षेचा भंग, किंवा माहिती अगर कागदपत्रे गहाळ होणे, असे काही घडले काय? उत्तर 'होय' किंवा 'नाही'. 'होय' असल्यास घटनेची तारीख आणि थोडक्यात हकीकत. येथे दोन टक्क्यांचे माप विचारलेले नाही.

हा तक्ता शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर कोणासही फुकट पाहता येतो. तो इंग्रजीत असतो, पण रकाना ओळखण्यास फार इंग्रजी लागत नाही. घरातील कॉलेजात जाणारे मूल तो पाच मिनिटांत काढून देते. आपला पैसा ज्या कंपनीत आहे तिचा तक्ता काढावा, 'होय' असेल तेथे घटनेची तारीख पाहावी, आणि त्याच कंपनीने बाजारास पहिली सूचना कोणत्या तारखेस दिली ती शेजारी लिहून वजाबाकी करावी. मी दर तिमाहीस हे करतो. बहुतेक तक्त्यांत त्या रकान्यासमोर 'नाही' एवढाच शब्द असतो.